डोक्याला मार लागल्यानंतर भात-पोळी बंद करावी का?

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयातून घरी आला, की भेटायला येणाऱ्यांचे सल्ले सुरू होतात. 'भात-पोळी बंद करा, कीटो करा, मेंदूला चांगलं असतं' हा त्यातला अलीकडचा. त्यात थोडे तथ्य आहे, पण तो जसाच्या तसा उचलू नये.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण त्याला ऊर्जा लागते सुमारे २० टक्के. रोज साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज तो एकटा वापरतो. जबर मार लागल्यावर काही काळ पेशींना हे ग्लुकोज नीट वापरता येत नाही. कर्बोदके अगदी कमी केली, की यकृत चरबीपासून कीटोन बनवते आणि मेंदू त्यावरही चालू शकतो. फिट्सच्या आजारात हा आहार १९२१ पासून वापरला जातो. डोक्याच्या दुखापतीत मात्र बरेचसे प्रयोग प्राण्यांवरच झाले आहेत. तो अजून नेहमीचा उपचार नाही.

घरच्या घरी सुरू केल्यास तीन धोके संभवतात :

१. कीटोच्या पहिल्या दिवसांत डोके दुखते, थकवा येतो, गरगरते. दुखापतीची लक्षणेही हीच. त्यामुळे नेमके काय बिघडले ते कळत नाही.

२. या आहारात सुरुवातीला लघवीवाटे पाणी व सोडियम जास्त जाते. डोक्याच्या दुखापतीतही सोडियम घसरू शकते.

३. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर साखर एकदम खाली येऊ शकते. काही गोळ्यांबरोबर रक्तातील आम्लताही धोकादायक वाढते.

मग खावे काय? वरण-भात, पोळी, भाकरी चालू ठेवावी. कमी करायचे ते साखर, मिठाई, शेव-फरसाण. जखम भरण्यासाठी प्रथिने हवीत : डाळी, उसळी, दही, पनीर, चालत असल्यास अंडी, मासे. भूक मंदावली असेल, तर थोडे थोडे, पाच-सहा वेळा द्यावे. गिळताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. एकादशी-चातुर्मासाचे उपास बरे होईपर्यंत बाजूला ठेवावेत. मद्य तर नकोच.

आणि एक महत्त्वाचे. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट किंवा हातापायातली शक्ती जाणे, यातले काहीही दिसले तर 'आहार बदललाय म्हणून असेल' असे म्हणत थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे. वयस्कर माणसांत मेंदूवरचा रक्तस्राव काही आठवड्यांनीही उघड होतो. कमी कर्बोदकांचा आहार करायचाच असेल, तर उपचार करणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांना विचारूनच करावा.