कूलर लावा, पण खिडकी उघडा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला, तरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली सुसह्य करतो. मुंबईत ३४ अंशांतच तो हात टेकतो. फरक आर्द्रतेचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, आणि कूलरमध्ये ती मुख्यतः हवेतूनच जाते. विदर्भातली कोरडी हवा ही वाफ झटकन सामावून घेते. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने जड.

म्हणूनच दारं-खिडक्या लावून कूलर चालवू नका, ही कळकळीची विनंती. बाष्प कोंडतं, अंग चिकचिकतं. कूलर खिडकीबाहेर, समोरची खिडकी थोडी उघडी, असंच हवं. कोकणात पंखाच बरा. गच्चीला पांढरा चुना मात्र दोन्हीकडे उपयोगी: ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो.