एका कॅसेटवरचे दोन आवाज
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही आवाज एकदा कानात बसले की जात नाहीत. गिरणीचा भोंगा, रेडिओ लावल्यावर कार्यक्रमाआधी वाजणारी आकाशवाणीची धून, पहाटेच्या जात्याची घरघर. माझ्या कानात असाच आणखी एक आवाज आहे. आधी पाच सेकंद एकसुरी शिट्टी, मग क्षणभर कर्कश चिरका, मग पुन्हा शिट्टी आणि त्यानंतर पाच मिनिटं पत्र्यावर खडे ओतावेत तसा खरखराट. घरातली मोठी माणसं कानावर हात ठेवायची आणि आम्ही मुलं श्वास रोखून ऐकत बसायचो. कारण हा खरखराट नीट संपला, तर खेळ सुरू होणार असायचा.

ही गोष्ट वर्ध्याची, १९८६ सालच्या उन्हाळ्यातली. त्याआधीच्या डिसेंबरात इंग्लंडला असलेला माझा मामा आला होता आणि येताना त्यानं ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा संगणक आणला होता. पाटीपेक्षा लहान, काळा, वर करड्या रबराची चाळीस बटणं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं तो एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला, तेव्हा ४८ के स्मृतीच्या मॉडेलची किंमत १७५ पौंड होती. सर्वसाधारण घराला परवडेल असा संगणक, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ या योजनेत सुरुवातीला २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले होते. आमच्या शाळेत मात्र तोवर संगणक नव्हता. त्यामुळे मामानं पेटी उघडली, तेव्हा अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर जमली होती.

पण तो सुरू होईना. पहिली अडचण प्लगची. इंग्लंडच्या चौकोनी पिना आपल्या गोल भोकांत कशा जाणार? ते काम दहा मिनिटांत झालं. दुसरी अडचण मोठी होती. स्पेक्ट्रमला स्वतःचा पडदा नसे, तो टीव्हीला जोडायचा. त्याचं चित्र यूएचएफ पट्ट्यातल्या ३६व्या वाहिनीवर येई. दूरदर्शन दिसायचं व्हीएचएफवर आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला तेवढाच पट्टा ठाऊक. म्हणजे संगणक बोलत होता, पण टीव्हीला ती भाषा कळत नव्हती. शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी जुन्या व्हीसीआरमधला मॉड्युलेटर काढून त्याला जोडला आणि चित्र आलं. आवाजाचा प्रश्नच नव्हता, कारण स्पेक्ट्रमचा छोटा स्पीकर त्याच्या पोटातच होता.

आता तो कर्कश आवाज कसला, ते सांगतो. वीज गेली की संगणकाला सगळ्याचा विसर पडे. मग खेळ ठेवायचा कुठे? साध्या ऑडिओ कॅसेटवर. कॅसेटला आवाजच कळतो, म्हणून खेळाचं आवाजात रूपांतर करायचं. संगणकाचा सगळा मजकूर शेवटी शून्य आणि एक या दोनच खुणांचा. स्पेक्ट्रममध्ये शून्यासाठी सेकंदाला सुमारे दोन हजार कंपनांची एक लहर आणि एकासाठी सुमारे एक हजार कंपनांची. म्हणजे शून्याचा सूर उंच, एकाचा खालचा. दर सेकंदाला अशा साधारण चौदाशे-पंधराशे लहरी. त्या इतक्या भराभर येतात की आपल्याला नुसता खरखराट ऐकू येतो. संगणक मात्र एकेका लहरीची लांबी मोजतो आणि खुणा ओळीनं लावत जातो. सुरुवातीची शिट्टी म्हणजे ‘सावध, आता मजकूर येतोय’ अशी सूचना. ४८ के म्हणजे जवळपास एकोणपन्नास हजार अक्षरं. तेवढं भरायला पाच मिनिटं लागत.

आवाज म्हटला की रेडिओ आलाच. नेदरलँड्समध्ये १९८०च्या सुमारास ‘हॉबीस्कूप’ या रेडिओ कार्यक्रमातून खरोखरच संगणकाचे प्रोग्रॅम प्रसारित होत. लोक ते घरी टेप करून घेत आणि आपल्या संगणकात भरत. आज आपण मोबाइलवर ‘डाउनलोड’ म्हणतो, त्याचा हा आकाशवाणी-मार्ग!

वर्ध्याच्या उन्हाळ्यात मात्र या पाच मिनिटांना फार शत्रू. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या घरात, खिडकीत वाळ्याचा कूलर. कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज दणकन खाली येई, टीव्हीवरचं चित्र आकसे आणि संगणक सगळं विसरून कोऱ्या पडद्यावर येऊन उभा राही. म्हणून आमच्याकडे नियमच होता, ‘लोडिंग’ चालू असताना कूलरला हात लावायचा नाही. घामानं निथळत आम्ही टीव्हीच्या कडेला पळणाऱ्या राखी पट्ट्या बघत बसायचो. टेपचं हेड जरा तिरकं असलं, आवाज थोडा कमी-जास्त झाला, तरी शेवटच्या क्षणी ‘टेप लोडिंग एरर’ अशी ओळ येई. मग बारीक पेचकसानं हेडचा स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रेडिओ दुरुस्त करणाराला कान लागतो म्हणतात, तसा आम्हालाही लागला. खरखराट ऐकूनच सांगायचो, ‘हा काही येत नाही.’

आमचा आवडता खेळ होता ‘मॅनिक मायनर’. १९८३ सालचा. तो लिहिणारा मॅथ्यू स्मिथ तेव्हा विशीतही पोचला नव्हता. खाणीतला एक कामगार, वीस गुहा, प्रत्येक गुहेतल्या किल्ल्या गोळा करायच्या आणि हवा संपायच्या आत बाहेर पडायचं. उडी एका बोटानं चुकली की संपलं. आम्ही तो खेळ पांढऱ्या, काळ्या आणि राखी रंगातच खेळलो. तो रंगीत आहे हे मला कित्येक वर्षांनी कळलं!

पण खेळण्यापेक्षा मोठा नाद पुढे लागला, तो खेळ लिहिण्याचा. स्पेक्ट्रम सुरू केला की सरळ बेसिक भाषेत आज्ञा घ्यायला तयार असे. त्याच्या बटणांवर अख्खे शब्द होते. ‘जे’ दाबलं की पडद्यावर ‘लोड’, ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’. सोबतच्या पुस्तकातल्या ओळी बोटानं एकेक टिपत जायच्या. एक स्वल्पविराम चुकला की यंत्र अडून बसे. चूक शोधता शोधता ती ओळ काय करते ते समजे. वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याचा विचार मांडला. सेवाग्रामची नई तालीम त्यातून उभी राहिली. आम्ही वापरलेलं यंत्र परदेशी, पण शिकण्याची रीत तीच होती असं मला आज वाटतं.

मी लिहिलेला पहिला खेळ अगदी साधा. संगणक एक ते शंभरमधली एक संख्या मनात धरणार, आपण ओळखायची. तो फक्त ‘मोठी’ किंवा ‘लहान’ एवढंच सांगणार. आजी, म्हणजे आईची आई, तेव्हा आमच्याकडेच राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. ती संख्या सांगायची आणि मी बटणं दाबायचो. आम्ही मुलं सत्तावीस, त्र्याऐंशी असे मनाला येतील ते आकडे फेकायचो. आजीनं मात्र पहिल्यांदाच विचारलं, ‘पन्नास हाय का?’ मोठी. ‘मंग पंच्याहत्तर?’ लहान. सात प्रश्नांच्या आत तिनं संख्या पकडली. मी चाट पडलो. ती म्हणाली, ‘दुकानदार तराजूत वजन टाकते तसंच त आहे हे. आधी मोठं टाकाचं, मंग अर्धं, मंग त्याचं अर्धं.’ शंभर वस्तूंचे दर वेळी दोन भाग करत गेलं, तर सातव्यांदा एकच उरते. ‘बायनरी सर्च’ हे या पद्धतीचं नाव मी पुढे इंजिनिअरिंगला शिकलो, पण पद्धत आजीकडून.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो.

मामानं डिसेंबरात आणखी एक काम केलं होतं. आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या टेप केल्या होत्या. मागे जात्याची घरघर आणि तिचा आवाज. वीस-बावीस मिनिटं झाली आणि त्याची जायची वेळ आली. कॅसेट त्यानं इथेच ठेवली. ‘आठवतील तशा अजून भरा, पुढच्या वेळी मी घेऊन जातो,’ असं आईला सांगून गेला.

मे महिन्यात मला माझा खेळ साठवायला कॅसेट हवी होती. कोरी कॅसेट मागायची तर पैसे मागावे लागणार. कपाटात ती कॅसेट होती. तिच्यावर काय आहे हे मला माहीत होतं. पण माझा प्रोग्रॅम होता जेमतेम एक के. शिट्टी धरून पंधरा सेकंद. सुरुवातीला थोडी जागा कोरी होतीच. ‘पंधरा सेकंदांनी काय होतंय?’ असं म्हणून मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

टेपरेकॉर्डरमध्ये फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग लिहिणाऱ्या हेडवरून. म्हणजे नवं लिहायच्या आधीच जुनं गेलेलं असतं. त्याची काही खूण नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मी खेळात सुधारणा केली आणि आधीच्याच्या पुढे साठवली. फीत दगा देते म्हणून प्रत्येक वेळी दोनदा. महिनाभर हेच. शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या खेळाच्या बावीस आवृत्त्या तयार होत्या आणि आजीची अकरा मिनिटं गेली होती.

मामाच्या पत्रात विचारणा असायची, ‘कॅसेट भरली का?’ मी गप्प. १९८८ मध्ये तो आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं कॅसेट लावली. शिट्टी आणि खरखराट. त्यानं ती पुढे नेली, पुन्हा खरखराट. शेवटी एका ओवीच्या मधूनच आजी सुरू झाली. मामा मला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आजीच म्हणाली, ‘पोट्ट्याले काहून बोलता? मी म्हणतो नं पुन्हा.’ तिनं म्हटल्याही. पण तोवर घरात जातं उरलं नव्हतं. जात्याच्या फेऱ्याबरोबर एकीतून दुसरी ओवी निघत जाते, ती नुसतं बसून कशी निघणार? वेगळ्याच ओव्या आठवल्या, त्याही थोड्या. गेलेल्या परत आल्या नाहीत. १९९० मध्ये आजी गेली.

पुढे नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्ही गेम आले. त्यांच्या काडतुसाला मुलं ‘कॅसेट’च म्हणत, पण आत फीत नव्हती, चिप होती. ना शिट्टी, ना वाट पाहणं. स्पेक्ट्रम माळ्यावर गेला. ती कॅसेट मात्र मी जपून ठेवली.

काही वर्षांपूर्वी मी ती संगणकात उतरवून घेतली. हे काम अवघड नाही. चांगल्या टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या ध्वनीच्या भोकात घालायची आणि ध्वनिमुद्रणाच्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरनं तो आवाज साठवायचा. जुन्या स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांना ‘इम्युलेटर’ म्हणतात. मी त्याला माझा तो खरखराट ऐकवला. एकविसावी आवृत्ती सुरू झाली आणि पडद्यावर प्रश्न आला, संख्या ओळखा. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. संगणकाला लहर लांब की आखूड एवढंच ठरवायचं असतं, त्यामुळे थोडी खरखर मिसळली तरी बिघडत नाही. माणसाच्या आवाजाचं तसं नाही. त्यात जेवढी झीज झाली, तेवढा तो आवाजच कमी होतो. आजीच्या उरलेल्या दहा-अकरा मिनिटांत आता वरचे सूर बसले आहेत, मागचं जातं जेमतेम कळतं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या वाचताना मी अजून आजीच्या ओव्या शोधत असतो.

तुमच्या कपाटात जुन्या कॅसेट असतील. बारशाच्या, भजनाच्या, कुणाच्या तरी बोलण्याच्या. फीत दरवर्षी झिजते आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत आहेत. त्या उतरवून घ्या. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि उतरवण्याआधी एक करा. कॅसेटच्या पाठीवर कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. १९८५च्या डिसेंबरात आमच्या घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. माझ्या कॅसेटच्या पट्ट्या मी आता मोडल्या आहेत.