म्हैसूरचं पत्र : मधल्या गावांचा रस्ता

महाराष्ट्रातून म्हैसूरला येणारा पाहुणा बहुधा बेंगळूरमार्गे येतो, आणि गाडीतून उतरताच त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'काय रस्ता केलाय हो!' केलाय खराच. राष्ट्रीय महामार्ग २७५चा हा बेंगळूर-म्हैसूर टप्पा सुमारे ११८ किलोमीटरचा आहे. मधल्या सहा मार्गिका वेगवान गाड्यांना, दोन्ही अंगांना दोन-दोन मार्गिकांचे सेवारस्ते. खर्च सुमारे ८,४८० कोटी रुपये. १२ मार्च २०२३ रोजी मंड्या जिल्ह्यात पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. पूर्वी तीन तास खाणारा प्रवास आता दीड तासात होतो. अर्थात हे बेंगळूरच्या वेशीपर्यंतचं गणित. वेशीपासून घरापर्यंतचा वेळ हिशेबात धरायचा नाही, असा इथला शिरस्ता आहे.

या रस्त्याच्या एका टोकाशी आपलंही नातं आहे. बेंगळूर शहाजीराजांच्या आणि पुढे व्यंकोजींच्या जहागिरीत होतं. १६८७ साली मुघलांनी ते घेतलं आणि तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे आलं. तेव्हा कुठे दोन्ही टोकं एका सत्तेखाली आली. मग १८३१मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार हाती घेतला आणि कचेरी बेंगळूरला नेली. राजा म्हैसूरला, सरकार बेंगळूरला! कमिशनर मार्क कबन यांच्या १८३४ ते १८६१ या दीर्घ कारकिर्दीत संस्थानात रस्ते आणि पूल झाले. १८८१मध्ये राज्य वडेयरांना परत मिळालं, तरी सचिवालय बेंगळूरलाच राहिलं. कागद, कारकून आणि अर्जदार यांची ये-जा तेव्हापासून सुरू आहे.

रस्त्याचं खरं वैभव मात्र मधल्या गावांत होतं. म्हैसूरहून निघालं की आधी श्रीरंगपट्टण. जुना हमरस्ता कावेरीच्या बेटावरून, टिपूच्या राजधानीला खेटून जाई. दिवाण पूर्णय्यांच्या देखरेखीखाली १८०४मध्ये बांधलेला दगडी वेलस्ली पूल आजही नदीत उभा आहे. पुढे उसाचं मंड्या. कोल्हापूरकराला इथे परकं वाटायचं कारण नाही. गुऱ्हाळाला इथे 'आलेमने' म्हणतात, एवढाच फरक. मग मद्दूर. मैदा, रवा, तांदळाचं पीठ आणि कांदा यांचा तो चपटा, खुसखुशीत मद्दूर वडा खाल्ल्याशिवाय बेंगळूर गाठणं हा अलीकडेपर्यंत जवळजवळ अधर्म होता. चन्नपट्टणात लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी दुकानांबाहेर टांगलेली असत. गाडीतल्या पोराने हट्ट धरावा, बापाने नाइलाजाने गाडी थांबवावी, यावर तो बाजार चाले. रामनगरात रेशीमकोषांची मंडई आणि 'शोले'चे कातळ. बिडदीला थाळीएवढी तट्टे इडली.

नव्या रस्त्याने बिडदी, रामनगर-चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या आणि श्रीरंगपट्टण या सगळ्यांना बाह्यवळण दिलं. गावांतली कोंडी सुटली, हे मान्यच केलं पाहिजे. पण कोंडी हेच ज्यांचं गिऱ्हाईक होतं, त्यांचा गल्ला आटला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हा जुना महामार्ग निदान बहुतांशी शाबूत राहिला, लोणावळ्याला दोन्हींकडून वाट राहिली. इथे तसं झालं नाही. जुना चौपदरी रस्ताच नव्याच्या पोटात गेला आणि सेवारस्ते जागोजागी तुटक राहिले. १ ऑगस्ट २०२३पासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. म्हणजे ज्याचं शेत रस्त्यात गेलं, त्याचाच ट्रॅक्टर त्या रस्त्यावर चालत नाही.

बंदीमागचं कारण खोटं नव्हतं. २०२३च्या पहिल्या पाच महिन्यांत या रस्त्यावर शंभराच्या घरात माणसं मेली. नंतर कॅमेरे बसले, ताशी १०० किलोमीटरची मर्यादा कडक झाली आणि मृत्यू बरेच कमी झाले. पण हे सगळं फीत कापल्यानंतर! वळणं, पाण्याचा निचरा, पादचाऱ्यांची वाट यांचा विचार आधी झाला नाही. लोकार्पणाला आठवडाही उलटला नाही तोच एका अवकाळी पावसात रामनगरजवळ रस्त्यावर पाणी साचलं. टोल मात्र १४ मार्चलाच बिडदीला सुरू झाला होता. दुसरा नाका श्रीरंगपट्टणाजवळ गणंगूरला १ जुलैपासून. आपल्या एसटीची इथली बहीण केएसआरटीसी, तिनेही टोलपायी तिकिटावर १५ ते २० रुपये चढवले.

माझ्या मते इतक्या पैशांत दोन शहरं जवळ आणताना मधल्या तालुक्यांसाठी सलग सेवारस्ता देणं मुळीच अवघड नव्हतं. रस्ता आखणाऱ्यांच्या नकाशावर दोनच ठिपके होते, बाकी सगळं 'अंतर' होतं. शक्तिपीठ महामार्गाचा वाद ऐकणाऱ्या मराठी वाचकांनी हा नकाशा जरूर पाहावा, आणि आपल्या जिल्ह्यातल्या आराखड्यात सेवारस्ता सलग आहे का, हे भूसंपादनाच्या नोटिशीआधी विचारावं.

दसऱ्याला येणार असाल तर दोन सूचना. दुचाकीने येऊ नका. आणि घाई नसेल, तर मद्दूरचं बाह्यवळण सोडून गावात शिरा. वडा अजून गरम मिळतो, आणि आता बसायला जागाही मिळते.