बायसनचे मांस : एका 'अपरिचित' अन्नाचा परिचय

मांसाहाराचा विचार करताना 'परिचित' आणि 'अपरिचित' असे दोन वर्ग सहजच केले जातात. बकरा, मेंढी, कोंबडी, गाय, डुक्कर यांचे मांस पहिल्या वर्गात पडते. बायसन, कांगारू, शहामृग यांचे दुसऱ्यात. दुसऱ्या वर्गातील मांस प्रथमच चाखणारा मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो : ते चवीला कसे लागते? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आहाराच्या अभ्यासकाचे त्याने समाधान होऊ नये. रेनडिअरचे मांस आपणांस अपूर्वाईचे वाटले तरी उत्तर युरोपातील सामी लोकांना ते नित्याचे आहे. अपरिचितपणा हा प्राण्याच्या देहाचा गुण नव्हे. तो इतिहासाने आणि व्यवहाराने घडविलेला असतो. उत्तर अमेरिकेतील बायसनच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीच नावाचा एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. आपल्याकडील गव्याला इंग्रजीच्या अनुकरणाने 'भारतीय बायसन' म्हणण्याची रूढी पडली. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे अभयारण्यही 'बायसन अभयारण्य' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. वस्तुतः गवा हा गाईचा निकटचा आप्त असून अमेरिकी बायसनहून भिन्न असा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला संरक्षण दिलेले असल्यामुळे त्याची शिकार हा गुन्हा ठरतो. तेव्हा पुढील विवेचन केवळ अमेरिकी बायसनपुरतेच समजावे. युरोपीय वसाहतवाले त्याला 'बफेलो' म्हणत; पण म्हशीशीही त्याचा संबंध कुलापुरताच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर अमेरिकेत तीन ते सहा कोटी बायसन असावेत, असा अंदाज केला जातो. मध्यवर्ती गवताळ मैदानांतील आदिवासी जमातींचे अन्न, वस्त्र आणि निवारा ही सर्व त्यांच्यावर अवलंबून होती. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील 'हेड-स्मॅश्ड-इन' या कड्याकडे कळप हाकीत नेऊन त्यांना खाली लोटण्याची प्रथा सुमारे सहा हजार वर्षे चालू होती. १९८१ मध्ये या स्थळाची जागतिक वारशात गणना झाली. एकाच वेळी मिळालेले एवढे मांस टिकवावयाचे कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पेमिकन होय. मांसाच्या पातळ पट्ट्या वाळवून त्या कांडावयाच्या, त्यांत वितळविलेली चरबी साधारण समभाग मिसळावयाची, कधी रानफळे घालावयाची आणि हे मिश्रण कातडी पिशव्यांत भरून ठेवावयाचे, अशी ही कृती होती. पेमिकन दीर्घकाळ टिके आणि त्याचे वजन पोषणाच्या मानाने अल्प असे. फरच्या व्यापाऱ्यांच्या नौका याच अन्नावर चालत. १८१४ मध्ये रेड नदीच्या वसाहतीतून पेमिकन बाहेर नेण्यास बंदी घातली गेली. त्यातून चिघळलेल्या कलहाची परिणती १८१६ च्या सेव्हन ओक्सच्या चकमकीत होऊन वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. एका अन्नपदार्थावर खंडाचे अर्थकारण किती अवलंबून असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

असे हे नित्याचे अन्न दोन पिढ्यांत दुर्मिळ झाले. १८६९ मध्ये खंडाच्या आरपार जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून यंत्रांच्या पट्ट्यांना योग्य असे चामडे कमावण्याची पद्धत हाती आली. त्यानंतर जो संहार झाला तो मांसासाठी नव्हेच. शिकारी कातडी सोलून नेत आणि देह मैदानात कुजत पडत. पुढे हाडे वेचून खतासाठी व साखर शुद्ध करण्यासाठी धाडली गेली. आदिवासींचे अन्न नष्ट झाले म्हणजे ते राखीव प्रदेशांत जाऊन राहतील, या हिशेबाने अनेक सेनाधिकाऱ्यांना हा संहार इष्टच वाटत होता. १८७४ मध्ये बायसनला संरक्षण देणारे विधेयक अमेरिकी काँग्रेसने संमत केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक हजाराहूनही कमी प्राणी उरले. मांस अपरिचित झाले ते असे.

जे वाचले त्यांचे श्रेय बव्हंशी काही खाजगी कळपांना आहे. टेक्ससमधील चार्ल्स गुडनाइट, मोन्टानामधील मिशेल पाब्लो व चार्ल्स अलार्ड या पशुपालकांनी थोडे प्राणी राखले. पाब्लोचा कळप कॅनडा सरकारने १९०७ पासून विकत घेतला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून पंधरा बायसन ओक्लाहोमात पाठविण्यात आले. आज उत्तर अमेरिकेत बायसनची संख्या काही लाखांवर गेली आहे. मात्र त्यांतील बहुसंख्य प्राणी खाजगी कुरणांत, मांसासाठी पाळलेले आहेत. ज्याच्या मांसाला गिऱ्हाईक आहे असा प्राणी राखणे पालकाला परवडते. खाल्ला जातो म्हणून प्राणी टिकतो, असा हा विलक्षण न्याय आहे.

आता चवीकडे वळू. बायसनचे मांस गोमांसाच्या जवळचे, परंतु रंगाने अधिक गडद असते. हा रंग स्नायूंतील मायोग्लोबिन या प्राणवायू साठविणाऱ्या प्रथिनाचा. चरबी वगळलेल्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात स्निग्धांश सुमारे दोन ग्रॅम व प्रथिने सुमारे एकवीस ग्रॅम असतात. स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबीचे जाळे जवळजवळ नसल्याने आच लवकर आत पोहोचते आणि मांस चटकन कोरडे व चिवट होते. म्हणून पाठीचे कोवळे तुकडे थोडाच वेळ भाजावे. खांद्यासारखे राबणारे भाग पाणी घालून मंद आचेवर दीर्घकाळ शिजवावे, म्हणजे त्यांतील कोलॅजेनचे जिलेटिन होते. खिमा मात्र आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजला पाहिजे. कारण कुटताना पृष्ठभागावरील जंतू सर्वत्र मिसळतात.

येथेच पेमिकनमधील चरबीचा उलगडा होतो. मनुष्याला केवळ प्रथिनांवर निर्वाह करता येत नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्क येथे ध्रुवप्रदेशाचे प्रवासी स्टेफानसन यांनी वैद्यकीय देखरेखीखाली मांसाहाराचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. निव्वळ बिनचरबीच्या मांसावर ते थोड्याच दिवसांत आजारी पडले आणि चरबी मिळताच बरे झाले. आजच्या ग्राहकाला जो अल्प स्निग्धांश गुण वाटतो, तो मैदानातील शिकाऱ्याच्या दृष्टीने भरून काढावयाची उणीव होती. अन्नाचे गुणदोष खाणाऱ्याच्या परिस्थितीवरून ठरतात, ते असे.

इतर अपरिचित मांसांच्या मागेही असेच निरनिराळे व्यवहार आहेत. दक्षिण आफ्रिकेत शहामृग प्रथम पिसांसाठी पाळले गेले. १९१४ मध्ये पिसांचा बाजार कोसळला आणि कालांतराने चामडे व मांस यांना महत्त्व आले. ऑस्ट्रेलियातील कांगारू पाळले जात नाहीत. सरकारने ठरविलेल्या मर्यादेत वन्य प्राण्यांचीच शिकार होते. ताटात हे तिन्ही 'आगळे मांस' म्हणूनच येतात. परंतु एकाच्या मागे पुनरुज्जीवन आहे, दुसऱ्याच्या मागे बुडालेला धंदा, तर तिसऱ्याच्या मागे नियंत्रित शिकार.

बायसनच्या पुनरुज्जीवनालाही किंमत पडली आहे. पशुपालकांनी त्यांचा गुरांशी संकर केला होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात तपासलेल्या सर्व वर्तमान कळपांत गुरांचा अंश आढळला. कुंपणात वाढणारा, गरीब स्वभावासाठी निवडलेला प्राणी पिढ्यानुपिढ्या वन्य राहील काय, ही शंका रास्त आहे. दुसरा प्रश्न मालकीचा. ज्यांचे अन्न हिरावले गेले त्या जमातींनी १९९२ मध्ये आपली संघटना स्थापून कळप आपल्या भूमीवर परत आणण्याचे कार्य हाती घेतले. त्यांच्या दृष्टीने हे मांस नवलाईचे नव्हे. हरवलेले घरचे अन्न पुन्हा मिळविण्याचा तो प्रश्न आहे.

तात्पर्य, अपरिचित मांस चाखणाऱ्याने चव अवश्य पाहावी. परंतु हा प्राणी कोणाच्या नित्याच्या आहारात होता, तेथून तो का गेला आणि आज ताटापर्यंत कोणत्या मार्गाने आला, हे तीन प्रश्नही विचारावे. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे बायसनचे मांस अपरिचित उरत नाही. अपरिचित होता तो त्याचा इतिहास, असे दिसून येते.