चौसष्ट माणसे, सहासष्ट मते

अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या पश्चिम भागात, न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून पेकॉस नदीच्या काठी पसरलेला लव्हिंग हा परगणा (तिकडे त्यास काउंटी म्हणतात) १८९३ साली स्थापन झाला, चार वर्षांत मोडला आणि १९३१ साली पुन्हा उभा राहिला. २०२० च्या खानेसुमारीत तेथील लोकसंख्या ६४ भरली, आणि त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मते पडली ६६. हे दोन आकडे शेजारी मांडले की प्रथम संशय येतो तो लबाडीचा. वस्तुतः खानेसुमारी माणूस बहुतेक काळ कोठे राहतो हे पाहते, तर टेक्सासचा कायदा मतदाराने आपले कायमचे घर कोणते मानले आहे आणि तेथे परतण्याचा त्याचा इरादा आहे की नाही हे विचारतो. पिढीजात कुरणे येथे आणि चरितार्थ अन्यत्र, अशा कुटुंबांची नावे त्यामुळे यादीत राहतात. त्यावरून कज्जे कोर्टापर्यंत गेले आहेत. शिवाय गोपनीयतेसाठी खानेसुमारी खातेच लहान आकड्यांत हेतुतः किंचित फरक करते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

लव्हिंगच्या भूमीत तेल अफाट, म्हणजे मतदारही पुष्कळ, हा समजही तितकाच पोकळ आहे. मेंटोन हे या परगण्याचे एकुलते एक गाव. तेथील १९३५ सालच्या छोटेखानी कचेरीसमोरून तेलविहिरींसाठी लागणाऱ्या पाण्याचे आणि वाळूचे अवजड ट्रक धडधडत जातात, परंतु ते हाकणारा मनुष्य आठवड्यापुरता छावणीत निजतो आणि मत देतो आपल्या घरच्या गावी. भूगर्भातील तेलाचा हक्क तेथे जमिनीपासून वेगळा विकता येत असल्यामुळे त्याचे धनीही बहुधा दूरच्या शहरांत असतात.

सर्वांत दृढमूल समज असा, की तेलाचा मुलूख म्हणजे मुळापासून रिपब्लिकन पक्षाचा. २०२० साली ६६ पैकी ६० मते ट्रम्प यांना पडली हे खरे. परंतु ज्या टेक्सासने तेलाच्या ऐन भरात, १९३६ साली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्ट यांना सुमारे ८७ टक्के मते दिली, तो त्याच पक्षाचा बालेकिल्ला होता. चोरट्या तेलाची आंतरराज्य वाहतूक रोखणारा १९३५ चा कायदा त्याच राजवटीतला, आणि १९२६ पासून तेल-उत्पन्नाचा साडेसत्तावीस टक्के हिस्सा करातून वगळणारी सवलत पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये जिवापाड जपली ती सॅम रेबर्न व लिंडन जॉन्सन या टेक्सासच्याच डेमोक्रॅटांनी. तडा गेला तो १९५२ साली: समुद्रतळाच्या तेलावर मालकी प्रांताची की मध्यवर्ती सरकारची, या वादात गव्हर्नर अ‍ॅलन शिव्हर्स स्वतः डेमोक्रॅट असूनही रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांच्या पाठीशी उभे राहिले. तेल तेच, हितसंबंधही तेच होते. त्यांचा कैवार घेणारा पक्ष तेवढा बदलत गेला.

उरला निवडणुकीच्या नकाशाचा समज, की रंगविलेला प्रत्येक परगणा जणू एकेक मत टाकतो. अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी प्रांताला मिळतात, परगण्याला नव्हे, आणि टेक्सासात ते सर्वच्या सर्व प्रांतभर अधिक मते मिळविणाऱ्याकडे जातात. १९९२ साली लव्हिंगने दोन्ही प्रस्थापित पक्षांना मागे सारून रॉस पेरो या अपक्ष उमेदवारास सुमारे ४७ टक्के मतांनी पहिला क्रमांक दिला. पेरो हे टेक्सासचेच. तरीही त्या वर्षी टेक्सासचे ३२ ही प्रतिनिधी थोरल्या बुश यांच्याकडे गेले.