निळ्या प्रकाशाचे कोडे

मोबाइलचा पडदा भिंगाखाली पाहिला, तर त्यावर तांबडे, हिरवे व निळे असे सूक्ष्म ठिपके दिसतात. या तीन रंगांच्या कमी-अधिक मिश्रणातून पडद्यावरील सारी रंगसृष्टी उभी राहते. आज अनेक मोबाइलमध्ये व काही दूरचित्रवाणी संचांत हे ठिपके ‘ओएलईडी’ प्रकारचे असतात. कार्बनयुक्त, म्हणजेच सेंद्रिय रेणूंच्या अतिशय पातळ थरातून वीज वाहू लागली की तो थर स्वतःच प्रकाशतो. त्याला मागून उजेड द्यावा लागत नाही. मात्र या तीन रंगांत निळा सर्वांत नाजूक आहे. तो इतरांच्या आधी मंदावतो आणि मग पडद्यावरचा पांढरा रंग पिवळसर भासू लागतो. असे का होते, ते आपण समजून घेऊ.

रेणू प्रकाश कसा देतो?

१९८७ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारा सेंद्रिय दिवा जगापुढे मांडला. त्याचा प्रकाश हिरवा होता. अशा दिव्यात एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात आणि दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा सरकत येतात. एखाद्या रेणूवर या दोहोंची गाठ पडली की तो रेणू उत्तेजित होतो आणि मूळ स्थितीला परतताना जादा ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो.

उत्तेजित अवस्था दोन प्रकारच्या असतात. दर चार अवस्थांपैकी सरासरी एक ‘सिंगलेट’ असते आणि तीन ‘ट्रिपलेट’ असतात. साधे फ्लुओरेसेंट रेणू मुख्यतः सिंगलेटपासूनच प्रकाश देतात. ट्रिपलेटची ऊर्जा बहुतांशी वाया जाते. १९९८ साली मार्क बाल्डो, स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमयुक्त फॉस्फोरेसेंट रेणू वापरून ट्रिपलेटमधूनही प्रकाश मिळवता येतो, हे दाखवून दिले. पुढे इरिडियमच्या संयुगांमुळे तांबडा व हिरवा हे दोन्ही रंग कार्यक्षमही झाले आणि टिकाऊही. निळा तेवढा मागे राहिला.

निळ्याची अडचण

तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६२० नॅनोमीटर असते, तर निळ्याची सुमारे ४६० नॅनोमीटर. तरंगलांबी जितकी कमी, तितकी प्रकाशकणाची ऊर्जा जास्त. तांबड्या कणाची ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर निळ्याची सुमारे २.७ असते. त्यातच ट्रिपलेट अवस्था सिंगलेटपेक्षा कितीतरी अधिक वेळ रेंगाळते. तेवढ्या वेळात शेजारचा दुसरा उत्तेजित रेणू किंवा विद्युतभार जवळ आला, तर दोघांची ऊर्जा एकत्र होते. ती रेणूतील बंधापेक्षा वरचढ ठरली की बंध तुटतो. तुटलेला रेणू स्वतः प्रकाश देत नाहीच, उलट शेजाऱ्यांची ऊर्जाही गिळतो. दिव्याची वात उजेड देता देता स्वतः जळते, तशीच ही गत आहे. कार्यक्षमता वाढवण्यासाठी ट्रिपलेट हवी, पण निळ्याच्या बाबतीत तीच आयुष्य घटवते. म्हणूनच पडद्यांत निळ्यासाठी दीर्घकाळ कमी कार्यक्षम परंतु टिकाऊ असे फ्लुओरेसेंट रेणूच वापरले गेले.

उपायांची वाटचाल

पहिला उपाय सोपा आहे. अनेक पडद्यांत निळा ठिपका इतरांपेक्षा मोठा ठेवतात. त्यामुळे त्याच्या प्रत्येक भागावरचा विजेचा भार हलका होतो. प्रकाश देणारे दोन थर एकावर एक रचले, तरी भार वाटला जातो. रेणूतील हायड्रोजनच्या जागी त्याचेच जड रूप असलेला ड्युटेरियम बसवला, तर रेणू अधिक काळ तग धरतो.

इतर उपाय रेणूच्या रचनेतच बदल करतात. जपानच्या क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ साली महागड्या जड धातूंचा आधार न घेता ट्रिपलेटचे सिंगलेटमध्ये रूपांतर करणारे कार्यक्षम रेणू मांडले. २०१६ साली ताकुजी हाताकेयामा व सहकाऱ्यांनी बोरॉन व नायट्रोजन यांची नेमकी मांडणी करून अतिशय शुद्ध निळा प्रकाश देणारे रेणू घडवले. उत्तेजित रेणूने रेंगाळू नये, झटपट प्रकाश देऊन मोकळे व्हावे, यासाठीही संशोधन चालू आहे. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एलजी डिस्प्ले कंपनीने फ्लुओरेसेंट व फॉस्फोरेसेंट असे दोन निळे थर एकत्र रचलेला पडदा जाहीर केला. त्यामुळे विजेचा वापर सुमारे १५ टक्क्यांनी घटतो, असे कंपनीने सांगितले.

काटकसर करून घेतलेला मोबाइल चार वर्षे अधिक वापरता यावा, त्याची बॅटरी दिवसभर पुरावी, आणि तो लवकर कचऱ्यात जाऊ नये, असे प्रत्येकालाच वाटते. या साध्या अपेक्षांचा एक धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या निळ्या रेणूच्या आयुष्याशी जोडलेला आहे.

स्वाध्याय

१. निळा ठिपका इतर रंगांच्या आधी का मंदावतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘कार्यक्षमता व टिकाऊपणा एकाच वेळी साधणे कठीण असते.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.