साखळीचा हंगाम

आपल्या झाडीपट्टीत ‘हंगाम’ म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, एक धानाचा आणि दुसरा नाटकांचा. दिवाळी होते, धान कापून बांध्या मोकळ्या होतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या गावोगावच्या मंडईला निघतात. काल रात्रीचा प्रयोग पडला म्हणून आजचा रद्द होत नाही. नायकाचा घसा बसलेला असो, पेटीवाला रुसलेला असो, आज दुसऱ्या गावी पडदा वर जायलाच हवा. मार्चपर्यंत असे चालते, आणि मग कोणत्या मंडळीचे वर्ष चांगले गेले ते ठरते.

फुटबॉलमध्ये ज्याला ‘लीग’ म्हणतात, त्याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला सुचत नाही. मराठीत आपण त्याला साखळी सामने म्हणतो. पण मी बल्लारपूरकडील ज्या कोळसा वसाहतीत वाढलो, तेथे मी साखळी सामने कधी पाहिले नाहीत. आमच्याकडे होत्या त्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. कुणी तरी ढाल आणि रोख बक्षीस जाहीर करायचे, मैदानावर चुना पडायचा, कर्णा लागायचा, आणि चार दिवसांत सारे आटोपायचे. सोळा संघ आले तर पहिल्याच दिवशी आठ संघ घरी. महिनाभर सराव करून आलेली पोरे एका चुकीच्या पेनल्टीने बाहेर पडायची आणि पुढे वर्षभर त्या एका पेनल्टीबद्दल बोलायची. मी स्वतः पाच वर्षे खेळलो. हिशेब केला तर माझे खरे सामने अकरा भरतात!

साखळीत हा अन्याय नसतो. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावी व एकदा त्याच्या गावी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. आपल्याच मुलखाचे उदाहरण घेऊ. अहेरी, एटापल्ली, सिरोंचा, मुलचेरा, चामोर्शी आणि भामरागड असे सहा संघ धरले, तर प्रत्येकाला दहा सामने मिळतील आणि एकूण तीस सामने होतील. जो पहिला सामना हरेल त्याच्या हाती अजून नऊ सामने असतील. अर्थात भामरागडचे सामने पावसाळ्यात ठेवायचे नाहीत, कारण पर्लकोटेला पूर आला की पाहुणा संघ अलीकडे आणि यजमान संघ पलीकडे अशी गत व्हायची.

ही थट्टा नाही. पाहुण्या संघाच्या प्रवासाला साखळीत फार मोल असते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची पहिल्या श्रेणीची साखळी या बाबतीत प्रसिद्ध आहे. समुद्रकाठच्या लिमा शहरातील संघाला कधी कुस्कोला जावे लागते, आणि ते गाव सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाहुण्यांचा पहिला झगडा प्रतिस्पर्ध्यांशी नसून स्वतःच्या श्वासाशी असतो. एका दिवसाच्या स्पर्धेत असला संघ निव्वळ दुर्दैवी ठरेल. साखळीत मात्र प्रत्येकाला कुस्कोला जावेच लागते आणि कुस्कोलाही खाली यावे लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली आणि पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघाने पहिले विजेतेपद मिळवले. फुटबॉल म्हणजे कलकत्ता, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंतचे सलग नऊ हंगाम पाहिले तर एकही विजेतेपद कलकत्त्याकडे गेलेले नाही! त्यांपैकी आठ गोव्याकडे गेले आणि एक, २००५-०६ चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे. म्हणजे कोकणी-मराठी किनाऱ्याने नऊ वर्षे देशाला मागे ठेवले, आणि आपल्याकडील फारच थोड्यांना याचा पत्ता आहे. मलाही ग्रंथालयातील जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळेपर्यंत नव्हता.

या नऊंपैकी पहिला हंगाम सविस्तर सांगण्याजोगा आहे.

२००३-०४ मध्ये ईस्ट बंगालने लीग जिंकली, तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे १५ गोल करणारा खेळाडू होता क्रिस्तियानो ज्युनिअर, हा ब्राझीलचा तरुण. पुढच्या मोसमात तो गोव्याच्या धेंपो संघात आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. धेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनिअरचे. दुसरा गोल करताना पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय अवघे पंचवीस. चेंडू जाळ्यात गेला होता. चषकही धेंपोचाच झाला होता.

समोरचा गोलरक्षक सुब्रत पाल, नुकताच अठरा वर्षांचा झालेला. त्याच्यावर संघटनेने काही काळ बंदी घातली. मैदानावरील वैद्यकीय सोयींविषयी देशभर प्रश्न विचारले गेले. हाच सुब्रत पाल पुढे भारताचा गोलरक्षक झाला आणि २०११ च्या आशियाई चषकात त्याने केलेल्या बचावांचे परदेशातही कौतुक झाले. अठराव्या वर्षी असा प्रसंग वाट्याला आलेल्या मुलाला पुन्हा गोलपुढे उभे राहायला काय लागले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. मीही गोलरक्षक आहे. एका स्पर्धेत माझ्या गुडघ्याला लागून समोरच्या पोराचे गळ्याचे हाड मोडले होते. मैदानावर ना पेटी, ना गाडी. त्याला दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून नेले. तो बरा झाला, आजही भेटला की हसतो. पण त्यानंतर दोन वर्षे मी पुढे धावून चेंडू घेतला नाही, रेषेवरच उभा राहिलो, आणि आमचा संघ त्यामुळे हरला तेही मला ठाऊक आहे.

धेंपोकडे आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक होते. त्यांच्यापुढे राष्ट्रीय लीगचा हंगाम उभा होता. बारा संघ, प्रत्येकी २२ सामने. बाद पद्धतीत दुःखी संघ एक सामना हरतो आणि घरी जातो. घरी निदान रडता तरी येते. साखळीत तशी मुभा नसते. आठवडा उलटला की पुन्हा मैदान. रांती मार्टिन्स हा नायजेरियन तरुण त्या मोसमात धेंपोच्या आघाडीच्या फळीत होता, आणि पुढे तो भारतातील सर्वांत यशस्वी गोल करणाऱ्यांपैकी एक ठरला. त्यांच्या पाठोपाठ होता गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. त्यांच्या दुदू ओमागबेमीने त्या मोसमात २१ गोल केले. मे २००५ मध्ये हिशेब पूर्ण झाला तेव्हा धेंपोचे ४७ गुण होते आणि स्पोर्टिंगचे ४५. दोन गुणांचे अंतर म्हणजे एका विजयाइतकेही नाही. धेंपोचे हे पहिले राष्ट्रीय विजेतेपद. ज्युनिअरचा दहा क्रमांकाचा सदरा त्यांनी कायमचा बाजूला ठेवला.

पेरूच्या साखळीतही असा एक हंगाम आहे, पण तो याहून कितीतरी क्रूर. १९८७ साली लिमाचा आलियान्सा संघ गुणतक्त्यात अग्रभागी होता. पुकाल्पा या जंगलातील गावी पाहुणा म्हणून खेळून, १-० असा विजय मिळवून, ८ डिसेंबरला तो नौदलाच्या विमानाने परत निघाला. लिमा दृष्टिपथात असताना विमान समुद्रात कोसळले. विमानातील ४४ जणांपैकी वैमानिक तेवढा वाचला. संघ म्हणून उरला नाही, तरी हंगाम उरला होता. चिलीतील कोलो-कोलो क्लबाने आपले खेळाडू उसने दिले. निवृत्त झालेला तिओफिलो कुबियास हा पेरूचा थोर खेळाडू पुन्हा बूट चढवून मैदानात उतरला. विजेतेपद मिळाले नाही. ते लिमाच्याच युनिव्हर्सितारियोने नेले. पण राहिलेले सामने आलियान्सा खेळला.

आता गोव्याच्या या यशामागचे कारण. गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांच्या काळापासून आहे आणि भात कापलेल्या शेतांत पोरे चेंडू खेळतात, हे खरे. पण भात कापलेली शेते आपल्याकडेही आहेत. निराळे होते ते खनिज. धेंपो आणि साळगांवकर ही घराणी लोहखनिजाच्या व्यवसायातील. साळगांवकर क्लब १९५६ पासूनचा. खनिज जपान वगैरे देशांत जात होते. त्या पैशातून खेळाडूंना पगार, परदेशी खेळाडू, प्रशिक्षक आणि दूरच्या प्रवासाचा खर्च निघत असे. ढाल जाहीर करायला एक उदार माणूस पुरतो. साखळीला मात्र वर्षभर पैसा लागतो.

आणि तो आटला की काय होते तेही गोव्यातच दिसले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये उत्खननावर मर्यादा घालून ती बंदी उठवली गेली आणि २०१८ मध्ये खाणकाम पुन्हा थांबले. मधल्या काळात, २०१६ साली, धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. त्यांनी सांगितलेले कारण वेगळे होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला वरचे स्थान देण्याच्या बेताला त्यांचा विरोध होता. तो विरोध मला न्याय्य वाटतो. पण खाणी भरात असत्या तर त्यांनी आणखी काही वर्षे दम धरला असता, असेही वाटते. महिंद्र युनायटेड तर त्याआधीच, २०१० मध्ये, बंद झाला होता. धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, पण आता ती साखळी दुसऱ्या श्रेणीची आहे.

हे वाचताना माझ्या मनात सारखे एटापल्ली येत होते, कारण माझे आजोळ त्या तालुक्यात आहे. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज आता ट्रक भरभरून बाहेर जाते. मामाच्या अंगणातील तुळशीवर लाल धूळ बसलेली असते. इकडे चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळसा तर शंभर वर्षांहून अधिक काळ निघतो आहे. म्हणजे गोव्याकडे जे होते ते आपल्याकडेही आहे, बांधीही आणि खाणही. डोंगराच्या बदल्यात फुटबॉलचा संघ मिळाला तर सौदा बरोबरीचा झाला, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. मामा तर ते ऐकून मला अंगणातून हाकलून देईल. पण खनिज जायचेच असेल, तर निदान पोरांना हंगामभर खेळता यावे एवढे तरी मागे राहावे, हे मागणे मला गैर वाटत नाही.

तूर्त आम्ही चौघा संघांनी एका वहीत वेळापत्रक आखले आहे. चार संघ, प्रत्येकी सहा सामने, एकूण बारा. धान निघाले की सुरुवात, आणि मंडईच्या रात्री सोडून, कारण अर्धे खेळाडू नाटक पाहायला जातात आणि एक तर स्वतः काम करतो. पंचांचा प्रश्न सुटला आहे. चेंडू दोन आहेत. पाहुण्या संघाला ने-आण करायला एक काळीपिवळी ठरवली असून, सामना संपेपर्यंत ती मैदानाच्या कडेलाच उभी राहील, कुणाला लागले तर रुग्णालय गाठता यावे म्हणून. तिच्या भाड्याची वर्गणी अजून अर्धीच जमली आहे.